रुसायला एक टेकडी

नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाच्या मधल्या दिवशी ढगानं घात केला. मावळतीची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचायची वाट बघत पाच वाजल्यापासून आम्ही कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात दाटीवाटीनं उभे होतो. आतले दिवे मालवलेले. घामाचा, तेलाचा आणि पायाखाली चुरगळलेल्या शेवंतीचा वास. पुढच्या बाईच्या कडेवरचं पोर सारखं माझ्या चष्म्याला हात घालत होतं. किरणं महाद्वाराच्या कमानीतून आत आली, गरुड मंडपातून सरकली, तशी गर्दी एकदम गप्प झाली. मग गणपती चौक. मग कासव चौक. पितळी उंबऱ्यापाशी ती लालसर पट्टी पोचली, तिच्यात धुळीचे कण वर-खाली होताना दिसले, आणि तिथंच ती फिकी होत होत विझली. बाहेर रंकाळ्याच्या अंगाला ढग आला होता. 'गेली,' कुणीतरी म्हणालं. वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली आले. लोक घराकडं, पार्किंगकडं, भेळेकडं वळू लागले. माझ्या शेजारी एक म्हातारी होती. नऊवारी नेसलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नारळ, करवीर तालुक्यातल्याच कुठल्या तरी गावची असावी. तिनं जोडलेले हात तसेच ठेवले होते. मी आपलं सहज म्हटलं, "मावशी, नाही व्हायचं आज. ढग आला बघा." माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "ढग आलं म्हणून काय सूर्य मावळायचा ऱ्हातोय व्हय? तेचं त्यो करतोयच की."

एवढंच. नंतर ती गर्दीत मिसळली. मी महाद्वार रोडनं चालत घरी आले, भाजी चिरली, भाकरी टाकल्या, आणि ते वाक्य काही जाईना. तसं बघितलं तर मला ते नवं असायचं काही कारण नाही. सगळी नोकरी मी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. किरणोत्सव दोनदा का होतो, हे दरवर्षी पोरांना फळ्यावर काढून दाखवायची. सूर्य डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत दक्षिणेला सरकत जातो आणि मग मागं फिरतो. त्यामुळं त्या तारखेच्या साधारण सहा आठवडे आधी तो क्षितिजावर जिथं मावळतो, तिथंच साधारण सहा आठवडे नंतरही मावळतो. म्हणून ९, १०, ११ नोव्हेंबर आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. कोल्हापुरातून बघितलं तर तेव्हा मावळतीची जागा नेमक्या पश्चिमेपासून जवळजवळ १८ अंश दक्षिणेला असते. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांना हे गणित हातचा मळ असल्यासारखं येत होतं. पोरं विचारायची, "बाई, मग बाकीच्या दिवशी किरण कुठं जातं?" मी म्हणायची, "बाकीच्या दिवशी भिंतीवर पडतं." वर्ग हसायचा. मीही हसायची.

पण त्या भिंतीवरच्या किरणाचा विचार मी कधी केला नव्हता. वर्षातले सहा दिवस सोडले तर तो रोजच येतो की. महाद्वारावर, समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर, कपडे वाळत घातलेल्या तारांवर. त्याला आरती नाही, त्याची बातमी नाही. १५ कोटी किलोमीटर चालून आलेला उजेड शेवटच्या फर्लांगात कुणाच्या तरी गच्चीच्या कठड्याला अडकतो आणि आपण म्हणतो, यंदा किरणोत्सव झाला नाही. उजेडाच्या बाजूनं बघितलं तर झालाच म्हणायचा. अर्थात उजेडाला बाजू असते असं मानलं तर.

आणि नेमकं इथंच माझं घोडं अडतं. म्हाताऱ्या मावशीला त्या नेमानं जो दिलासा मिळाला, तो मला मिळत नाही. सूर्य त्याचं काम करतो हे खरं, पण तो ते माझ्यासाठी करत नाही. माझ्यावर पडतो तसाच उकिरड्यावर पडतो. देवाचं प्रेम अखंड आहे, सगळ्यांवर आहे, झाडापानांत भरून राहिलंय, हे कीर्तनात ऐकताना छान वाटतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनात येतं, जे सगळ्यांवर आहे ते माझ्यावर कसं? माणसाच्या बाबतीत आपण असं चालवून घेतो का? नवरा म्हणाला, माझं गल्लीतल्या सगळ्यांवर प्रेम आहे, त्यात तूही आलीस, तर त्याला संध्याकाळचा चहा मिळेल का? आपल्याला हवं असतं ते निवडलेलं प्रेम. नाव घेऊन मारलेली हाक.

रोज सकाळी मोबाइलवर रंकाळ्याचा एक फोटो येतो. संध्यामठ, मागं शेंदरी आकाश, खाली 'देवाची चित्रकला' किंवा असंच काहीतरी. पाठवणारी माझी जुनी विद्यार्थिनी आहे, गुणी पोरगी, म्हणून मी हात जोडल्याची खूण टाकते. रंकाळा मलाही आवडतो. थंडीत भल्या पहाटे पाण्यावर वाफ असते. काळे वारकरी पक्षी पांढरं कपाळ मिरवत जोडीनं पोहत असतात, आणि पदपथावरून झपाझप चालणाऱ्या रिटायर माणसांच्या गप्पा पाण्यावरून दूरवर ऐकू येतात. सगळं मान्य. पण निसर्गात देवाचं प्रेम दिसतं म्हणणाऱ्यांना ते नेहमी जानेवारीतच का दिसतं, असा माझा एक चिवट प्रश्न आहे. जुलै-ऑगस्टातला निसर्ग त्यांनी बघितला नाही काय? आम्ही बघितलाय. आम्ही पंचगंगेच्या काठी, शुक्रवार पेठेत राहतो.

नदीच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा पावसाळा आभाळाकडं बघण्यात जात नाही, तो आकडे ऐकण्यात जातो. राजाराम बंधाऱ्याची पातळी काय, ३९ फुटांचा इशारा ओलांडला का, ४३ फुटांचा धोका किती लांब आहे. राधानगरीचे कुठले दरवाजे उघडले. शाहू महाराजांच्या त्या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की आपोआप उघडतात, कुणाच्या सहीची वाट बघत नाहीत. गल्लीत पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं आणि तरीही पाणी चढत असतं, कारण ते आमच्या पावसाचं नसतंच. ते गगनबावड्याचं असतं, दाजीपूरचं असतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, प्रत्येकीनं आपापल्या डोंगराचं आणलेलं, प्रयाग चिखलीला एकत्र झालेलं. आणि पुढं कृष्णेला फुग असली की आमच्या पंचगंगेला पुढं सरकायला जागा नसते. मग ती गल्लीबोळांत शिरते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या शिरोळकडं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकाच जिल्ह्यात. म्हणजे शिरोळचा शेतकरी बुडतो तो दुसऱ्याच्या पावसात. हे मी वर्गात सांगायची तेव्हा पोरं 'अरेरे' करायची. मग मी म्हणायची, थांबा, आणि उन्हाळ्यात तो पितो, उसाला पाजतो, तेही दुसऱ्याच्याच पावसाचं. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला येणारं पाणी तरी कुठं माझ्या छपरावर पडलेलं असतं? आता तर काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन आली. ती येईपर्यंत गावात जेवढी चर्चा झाली तेवढ्या चर्चेत एखादी नदी वाहिली असती, पण ते असो.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी घरात आलं.

पुराचं पाणी सिनेमात दाखवतात तसं धावत येत नाही. ते आवाज न करता चढतं. आमच्या यजमानांनी पायरीवर खडूनं रेघ मारली आणि चहा पिऊन येईपर्यंत रेघ गेली. २००५ साली पाणी जिथं थांबलं होतं त्याचा हिशेब धरून आम्ही सामान माळ्यावर टाकलं होतं, आणि त्या हिशेबानं सगळं व्यवस्थित होतं. पण नदीनं तो हिशेब मानला नाही. राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पातळी गेली. आम्ही राजारामपुरीत नणंदेकडं गेलो. हायवे शिरोलीपाशी बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, आणि सगळ्यात कहर म्हणजे उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही. चहूकडं पाणी आणि आम्ही हंडे घेऊन टँकरच्या रांगेत. परत आलो तेव्हा दार उघडेना. आतून गाळानं ते धरून ठेवलं होतं. तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. कुजलेलं धान्य, रॉकेल, मेलेले उंदीर, गटार, आणि या सगळ्याच्या खाली कुठंतरी पहिल्या पावसातल्या मातीचा अगदी ओळखीचा वास. त्या शेवटच्या वासाचाच मला जास्त राग आला. आईनं तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ पेटीत होती. बाहेर काढली तेव्हा ती काळी, जड, हातात न मावणारी झाली होती. धुवायचा प्रयत्न केला. टाके सुटत गेले आणि आतून लुगड्यांचे तुकडे निघाले. एक जांभळा, एक हिरव्या काठाचा. मग यजमान म्हणाले, राहू दे आता.

त्याच दिवशी शेजारच्या वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांचा जोता आमच्यापेक्षा दोन-अडीच फूट उंच. पाणी त्यांच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. कपात चहा ओतता ओतता त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "आम्हास्नी आईनं राखलं बघा." त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. माझ्या घरातला गाळ त्यांच्या दोन्ही मुलांनी फावड्यानं ओढून बाहेर काढला, वहिनींनी आठवडाभर आमचा स्वयंपाक केला. पण ते वाक्य मला बोचलं ते बोचलंच. त्यांना राखलं, मग मला काय टाकलं? भूगोलाच्या बाईंना समोच्चरेषा कळतात. जोता उंच म्हणून पाणी थांबलं हे मला पोरांनी परीक्षेत लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते. पण त्या दिवशी, गुडघाभर चिखलात, हातात जांभळा तुकडा धरून उभी असताना मला समोच्चरेषेचा आधार नको होता. मला वहिनींचा हेवा वाटत होता. सुक्या घराचा नव्हे, त्या वाक्याचा.

आमच्या परड्यात एक उंबर आहे. लावला कुणी नाही. मागच्या भिंतीच्या खाचेत पाखरानं बी टाकलं आणि तो आला. भिंत फुटेल म्हणून यजमान त्याच्यावर कोयता घेऊन उठले होते, पण सासूबाईंनी 'दत्ताचं झाड आहे' म्हणून हात धरला. त्यानं भिंत फोडलीच. पुरात तो माणसापेक्षा उंच बुडाला होता. पाणी उतरल्यावर त्याच्या खोडावर गाळाची रेघ राहिली, इतकी सरळ की पट्टीनं आखावी, आणि त्या रेघेच्या खाली, चिखलानं लिंपलेल्या खोडातून, थोड्याच दिवसांत हिरव्या उंबरांचे घोस फुटायला लागले. उंबराची फळं फांदीच्या टोकाला लागत नाहीत, थेट खोडाला लागतात. त्या चिखलातून ती बाहेर येताना बघून मला खरं सांगायचं तर आनंद झाला नाही. मला तो निर्लज्जपणा वाटला. माझ्या घरात अजून ब्लिचिंग पावडरचा वास होता आणि हा आपला फळायला लागला.

आमच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंनी एकदा स्टाफरूममध्ये उंबर फोडून दाखवला होता. फळ म्हणतो ते फळ नसतंच, म्हणाल्या, तो आत वळलेला फुलांचा गुच्छ. वर एक बारीक भोक. त्यातून एक चिलटाएवढा कीटक आत शिरतो, फुलांवर पराग टाकतो, तिथंच अंडी घालतो. आत शिरताना मादीचे पंख मोडतात आणि ती तिथंच मरते. पिलं आतच वाढतात आणि पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडं जातात. झाड त्या कीटकाशिवाय बी धरत नाही आणि कीटक त्या झाडाशिवाय जगत नाही. लहानपणी आम्ही उंबर फोडून, किडे उडवून लावून, फुंकर मारून खायचो. एवढं नाजूक कारस्थान आपण फुंकून टाकत होतो याची गंमत वाटली. आणि एकाच झाडावर वर्षातून अनेकदा फळं धरतात, म्हणून पाखरांना भुकेच्या महिन्यांतही उंबराकडं काहीतरी मिळतंच. पुरानंतरच्या त्या सप्टेंबरात गल्लीत माणसं चिडलेली, दमलेली, पंचनाम्याच्या कागदांत अडकलेली, आणि परड्यात तांबट पक्षी दिवसभर टुक्-टुक्-टुक् करत होता. रात्री वटवाघळं येऊन पत्र्यावर अर्धी खाल्लेली उंबरं टाकायची. टण्ण असा आवाज व्हायचा आणि आमची झोप मोडायची.

हे सगळं माझ्यासाठी नव्हतं. तांबटाला मी ठाऊकही नाही. तरीपण, आणि हे मला अजून नीट मांडता येत नाही, रोज सकाळी परड्याचं दार उघडताना मी त्या टुक्-टुकची वाट बघायला लागले होते. ज्या दिवशी उशीर व्हायचा त्या दिवशी चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. म्हणजे ओळख एका बाजूनं तरी झालीच होती.

पुढं एका पावसाळ्यात मैत्रिणीच्या आग्रहानं नृसिंहवाडीला गेले. कृष्णा चढून देवळात शिरली होती. उत्तरेकडून पाणी आत येतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या दारात उभं राहून अंगावर ते पाणी घ्यायला लांबलांबहून माणसं येतात. उत्सवमूर्ती आधीच वर हलवलेली, बोटवाले आणि दोर धरलेले स्वयंसेवक सज्ज, आणि गढूळ, काडीकचऱ्याच्या पाण्यात छातीभर उभी असलेली माणसं हात जोडून 'दिगंबरा दिगंबरा' म्हणताहेत. मला ते बघवेना. ज्या पाण्यानं माझी वाकळ खाल्ली, त्याच पाण्याची ओंजळ कशी डोक्यावर घ्यायची? मैत्रीण उतरली. मी काठावर तिच्या चपला आणि पर्स सांभाळत उभी राहिले. शेजारी शिरोळकडचा एक शेतकरी डोकं पुसत होता. मी विचारलं, "दादा, तुमचं शेत आलं का पाण्याखाली?" म्हणाला, "आलं की. ऊस समदा बुडाला." "आणि तरी आंघोळीला आलाय?" तो जरा बुचकळ्यात पडला. प्रश्नच त्याला कळला नसावा. मग म्हणाला, "पाणी शेतात आलं ते आलं. हितं आलं ते हितं आलं."

ते उत्तर मला तेव्हा अडाणी वाटलं होतं. नंतर त्यानंच उसाचं सांगितलं, ते मात्र मी लक्ष देऊन ऐकलं, कारण ते माझ्या पुस्तकात नव्हतं. ऊस नुसता पाण्यात उभा राहिला तर तगतो, म्हणाला. शेंडा बुडाला आणि पोंग्यात गाळ बसला की संपला, वरून कुजत येतो. पण सगळाच काही मरत नाही. शेंडा गेला तरी कांड्यावरचे डोळे फुटतात, त्याला पांगशा येतात. वेड्यावाकड्या, आडव्या, वर जायच्या सोडून बाजूला. "मग त्याचं काय होतं?" "काय हुतंय? वजन भरत न्हाई, कारखान्याला परवडत न्हाई. वैरणीला हुतंय." तो हसत नव्हता, रडतही नव्हता. परतीच्या एसटीत खिडकीतून मी ते बुडालेले फड बघत बसले. मैत्रीण ओल्या केसांनी शेजारी, तिच्या मांडीवर कवठाच्या बर्फीचा बॉक्स. ती म्हणाली, "तू उतरायला पाहिजे होतंस." मी म्हटलं, "मला सर्दी आहे." सर्दी नव्हती.

मी नास्तिक नाही. नास्तिक असते तर सोपं झालं असतं. मग नदी म्हणजे नदी, ढग म्हणजे ढग, आणि भांडायला कुणी नाही. माझं भांडण आहे म्हणजे समोर कुणीतरी आहे, हे मला कळतं. हे कळणं हाच काय तो माझा भक्तिमार्ग. यजमान म्हणतात, तू देवाशी शाळेच्या हेडमास्तरांशी बोलायचीस तसं बोलतेस. त्यांचं बरोबर असावं.

तर टेंबलाईची गोष्ट. कोल्हापूरच्या माणसाला ती सांगायला नको, पण मला ती इतकी वर्षं माहीत असून कळली नव्हती. असुराच्या नाशात अंबाबाईला त्र्यंबोलीनं, म्हणजेच टेंबलाईनं, मदत केली, आणि विजयाच्या सोहळ्यात तिलाच बोलवायचं राहून गेलं. सगळे देव आले, मानपान झाले, हिची आठवण नाही. ती रुसली, शहराबाहेरच्या टेकडीवर गेली आणि पाठ फिरवून बसली. मग अंबाबाईला चूक उमगली आणि ती स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला गेली. तेव्हापासून नवरात्रात ललित पंचमीला पालखी टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो, भेट होते. लहानपणी मला यातला फक्त कोहळ्याचा तुकडा मिळवण्याचा दंगा आवडायचा. किरणोत्सवातल्या मावशीचं वाक्य डोक्यात घोळत असताना एकदम ध्यानात आलं, की टेंबलाईची तक्रार आणि माझी तक्रार एकच आहे. अंबाबाईची माया काय त्या दिवशी आटली होती? नव्हती. पण टेंबलाईला ती तशी नको होती. तिला बोलावणं हवं होतं. आणि या गावानं तिला खुळी ठरवली नाही, समजुतीच्या चार गोष्टी सांगून गप्प बसवली नाही. तिला टेकडी दिली, देऊळ दिलं, आणि थोरलीला दरवर्षी तिच्याकडं पायपीट करायला लावली. एकदा समजूत काढून भागलं नाही, हे मला फार आवडलं. दरवर्षी ती रुसलेली असणार हे धरूनच चाललंय.

गेल्या आषाढात मंगळवारी आमच्या गल्लीचं नवं पाणी निघालं. पंचगंगेला आलेलं पहिलं गढूळ पाणी कलशात भरून टेंबलाईला वाहायचं, ही इथली रीत. पुरानंतर मी त्यात गेले नव्हते. दारातून मिरवणूक जायची, 'पी ढबाक्' वाजायचं आणि मी आत कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायची. या खेपेला वहिनींनी दार वाजवलं आणि कलश हातात दिला. विचारलंही नाही. घाटावर पाणी चहासारखं लाल-तांबूस होतं. कलश बुडवला तसा हाताला गाळाचा गुळगुळीतपणा लागला आणि वास आला. तोच. मी जरा थांबले. मागून पोरी ढकलत होत्या, "बाई, चला की!" डोक्यावर कलश घेतला आणि निघाले. पहिल्याच वळणावर हिंदकळून पाणी मानेवरून पाठीत उतरलं, ब्लाउज भिजला, वर पावसाची भुरभुर. दसरा चौकापर्यंत मान दुखायला लागली. पुढं उतारवयाच्या बायकांना टेंपोत बसवलं आणि मी आनंदानं उतारवयाची झाले. टेकडीवर ही गर्दी. चिखल, निवद, कोंबड्या, नारळ, गाड्यांवर तळणीचा वास, पोरांच्या पिपाण्या. देवीपर्यंत पोचले तेव्हा कलशात निम्मं पाणी राहिलं होतं. जेवढं होतं तेवढं ओतलं.

बाहेर येऊन कट्ट्यावर टेकलो. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "यंदा पूर नगं म्हणून मागितलासा न्हवं?"

"नाही."

"मग काय मागितलासा?"

मी म्हटलं, "काही नाही. तिला म्हटलं, ललित पंचमीला थोरली आली तुझ्याकडं की जरा माझंही नाव काढ. म्हणावं, अजून एक रुसलीय खाली पेठेत."

वहिनी पहिल्यांदा हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं आता त्या काहीतरी गंभीर बोलणार. पण त्यांनी पिशवीतली आंबिलीची किटली काढली, माझ्यापुढं पेला धरला आणि म्हणाल्या, "पत्ता तरी नीट सांगितलासा का? तुमच्या आडनावाची दोन घरं हाईत गल्लीत."